गर्दीच्या बंदरात दोघांची होडी

बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर कुणी कुणाला वाट द्यायची, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही, तरी लहान पोरालाही ते ठाऊक असतं. ट्रक आला की मोटारीने दबायचं, मोटार आली की दुचाकीने, आणि दुचाकीवाल्याने हॉर्न दिला की पायी चालणाऱ्याने साइडपट्टीच्या खाली उतरायचं. वजन हाच तिथला कायदा. मुंबईच्या बंदरात तीनशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं, तेलाचे टँकर, युद्धनौका, घारापुरी आणि मांडव्याच्या लाँचा, मच्छीमारांचे ट्रॉलर आणि चार मीटर लांबीच्या शिडाच्या होड्या एकाच पाण्यातून जातात. तिथे लहानाने मोठ्याची वाट सोडायची असते, हे वरवर पाहता महामार्गासारखंच दिसतं. पण कारण निराळं आहे. बंदराचा कायदा कोण बलवान आहे हे विचारत नाही. वळायला कोणाला जमेल, एवढंच विचारतो. ज्याला जमेल त्याने वळायचं. म्हणूनच उघड्या समुद्रात, जिथे वळायला जागा असते, तिथे तेच अजस्र जहाज इंजिनवर चालतं म्हणून शिडाच्या होडीला वाट देण्याचं बंधन पाळतं. एकाच दिवसात, काही मैलांच्या अंतरात, हा हक्क उलटसुलट होतो. दोन माणसांनी एका छोट्या होडीतून मुंबई बंदर ओलांडणं म्हणजे हा कायदा प्रत्यक्ष अंगावर घेणं. गर्दीचं बंदर हे शिडाच्या होडीसाठी अडचणीचं नव्हे तर सर्वांत मोलाचं पाणी आहे, आणि ते पाणी मोजक्या क्लबांपुरतं व सैन्यदलांपुरतं न राहता बीडसारख्या जिल्ह्यातल्या पोरापोरींनाही खुलं व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

मुंबई बेट आणि पलीकडचा रायगडचा किनारा यांच्या मधलं, दक्षिणेला अरबी समुद्राकडे उघडणारं पाणी म्हणजे हे बंदर. मुंबई पाहायला गेलेला माणूस समुद्र बघतो तो चौपाटीवर नाहीतर मरीन ड्राइव्हवर, म्हणजे पश्चिमेला. बंदर आहे पूर्वेला, आणि त्या बाजूला सामान्य माणसाला पाण्यापर्यंत पोचायच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. गेटवेच्या उत्तरेला लगेच नौदलाची गोदी, मग पोर्टाच्या गोद्या, भाऊचा धक्का, शिवडीची दलदल, पुढे पीरपावची तेलाची जेट्टी आणि ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र. १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे या किनाऱ्याचा मोठा पट्टा आला. १९८९ साली पलीकडे न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडे सरकला. २०२४-२५ या वर्षात तिथे वीस फुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. मराठवाड्यातला कापूस किंवा साखर परदेशी निघाली तर बहुधा याच पाण्यातून जाते. जालन्याजवळ ड्राय पोर्ट उभारायला घेतलं ते याच बंदराच्या प्रशासनाने. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून लाखो लोक हे बंदर ओलांडू लागले आहेत, पण ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने आणि कठड्यापलीकडे धड दिसत नसताना. एवढ्या मोठ्या पाण्याशी राज्याचं नातं कठड्याअलीकडून पाहण्याचं असावं, हे काही बरं नाही.

या पाण्यात जायचं साधन आधी नीट पाहू, कारण ‘यॉट’ म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरीशुभ्र, दुमजली, इंजिनवर धावणारी चीज येते. मी म्हणतो ती होडी तसली नाही. एंटरप्राइज नावाचा दोघांच्या होडीचा एक जुना वर्ग आहे. जॅक होल्ट या इंग्रज आरेखकाने १९५६ साली तिचा आराखडा केला. लांबी चार मीटरांच्या किंचित वर, नुसत्या सांगाड्याचं वजन शंभरएक किलो, म्हणजे चौघांनी उचलून ट्रॉलीवर ठेवावी अशी. एक जण सुकाणू धरतो आणि मोठ्या शिडाची दोरी सांभाळतो, दुसरा पुढचं छोटं शीड पाहतो आणि होडी कलली की स्वतःचं वजन बाहेर टाकून तिला सरळ ठेवतो. इंजिन नाही, ब्रेक नाही. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या आणि दोघांच्याच होडीच्या फायरबॉल वर्गात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने सुवर्णपदक मिळवलं. ‘जोडी’ इथे महत्त्वाची. एकट्याच्या होडीत माणूस आपल्या चुकीचा एकटा धनी असतो. दोघांच्या होडीत सुकाणूवाल्याची नजर शिडावर असते तेव्हा दुसऱ्याची पाण्यावर असावी लागते, आणि पाहिलेलं वेळेवर व मोजक्या शब्दांत सांगावं लागतं. शिडाआड, वाऱ्याच्या उलट बाजूला जे येत असेल ते सुकाणूवाल्याला दिसतच नाही. मैत्री कितीही जुनी असो, तिथे ‘अरे बघ ना जरा’ चालत नाही. ‘उजवीकडे लाँच, दोनशे मीटर, आपल्याकडेच येतेय’ असं बोलावं लागतं.

दिवसाचा बेत ठरतो तो पंचांगावर. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा जुना आडाखा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी बाराच्या आसपास. थोडा मागेपुढे, पण दिवस ठरवायला पुरेसा. ज्या सोलापूरच्या दाते पंचांगावरून चौसाळ्यात लग्नाची तिथी काढतात, त्याच पंचांगावरून गेटवेहून घारापुरीला निघायची वेळ काढता येते, याची गंमत वाटते. हिशेब असा. भरतीचं पाणी बंदरात ईशान्येकडे चढतं, ओहोटीचं नैर्ऋत्येकडे उतरतं. गेटवेहून घारापुरी साधारण त्याच दिशेला, दहा-अकरा किलोमीटरवर. म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी सकाळी निघालं तर दुपारपर्यंत भरती होडीला घेऊन जाते आणि नंतरची ओहोटी परत आणते. अष्टमीला निघालात तर दुपारभर पाणी उलटं. मात्र पौर्णिमा-अमावास्येचं पाणी उधाणाचं. चढ-उतार चार मीटरांच्या आसपास, आणि प्रवाह तितकाच जोराचा. अष्टमीच्या भांगाचं पाणी मऊ. सोयीची वेळ आणि मऊ पाणी एका दिवशी मिळत नाही. काय सोडायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं.

वाऱ्याचंही तसंच. शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, आणि मराठवाड्यात ते परीक्षेपुरतेच उरतात. ऑक्टोबर ते मे या मुंबईच्या उघडिपीच्या मोसमात तो धडा रोज घडतो. सकाळी जमिनीकडून हलका मतलई वारा, मग तासभर सगळं स्तब्ध, आणि दुपारच्या सुमाराला पश्चिमेकडून खारा वारा. बंदर शहराच्या पूर्वेला असल्यामुळे हा खारा वारा आधी कुलाब्याच्या इमारतींवरून उडी मारून येतो आणि पाण्यावर झटक्यांनी पडतो. कधी शीड भरतं, कधी मरगळतं. परतीच्या वाटेवर तो समोरूनच येतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडात जाऊ शकत नाही. तिला तिरपं जावं लागतं, मग वळून दुसऱ्या बाजूने तिरपं, असं नागमोडी करत घर गाठावं लागतं. त्यात ओहोटी वाऱ्याच्या उलट दिशेने उतरू लागली की आखूड, उभ्या लाटा उठतात, त्याच दोघांना भिजवतात. गेटवेच्या पायऱ्यांवरून पाहणाऱ्याला ही नागमोडी चाल उगाच भटकल्यासारखी दिसते. होडीतल्या दोघांना तिचं प्रत्येक वळण मोजून घ्यावं लागतं.

दिवसाचा खरा कस मात्र मुख्य खाडीमार्गात लागतो. गाळ उपसून खोल केलेला जहाजांचा रस्ता गेटवे आणि घारापुरी यांच्या मधून जातो, आणि तो आडवा ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. लांबून येणारं कंटेनर जहाज जागच्या जागी उभं असल्यासारखं वाटतं. ते धडकेच्या वाटेवर आहे की नाही हे ओळखायची रीत साधी आहे आणि जगभर तीच आहे. होडीतल्या माणसाने मान हलवायची नाही. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारेच्या रेषेत जहाजाची नाळ धरायची आणि होडीचा रोख तसाच ठेवून मिनिटभर थांबायचं. नाळ तारेच्या पुढे सरकली तर जहाज आपल्या पुढून जाणार, मागे पडली तर मागून. तारेलाच चिकटून राहिली आणि फक्त मोठी होत गेली, तर धडक ठरलेली. समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम हेच सांगतो: दिशा बदलत नसेल तर धोका आहे असं माना. जहाजाच्या ब्रिजवर उभा असलेला पायलट इतक्या जवळची होडी पाहूही शकत नाही. नाळेपुढचं किती पाणी दिसेनासं होऊ द्यायचं याची कायद्यातली मर्यादाच ५०० मीटर किंवा जहाजाच्या दोन लांब्या, यांतलं जे कमी असेल ते, अशी आहे. कंटेनरच्या थरांमागे त्या अर्ध्या किलोमीटरात होडी असली काय आणि नसली काय. पूर्ण वेगातलं जहाज इंजिन उलटं फिरवलं तरी किलोमीटरच्या आत थांबत नाही, आणि उपसलेल्या मार्गाच्या बाहेर वळलं तर गाळात रुततं. म्हणून नववा नियम म्हणतो की २० मीटरपेक्षा लहान आणि शिडाच्या कुठल्याही होडीने अशा अरुंद मार्गात मोठ्या जहाजाची अडवणूक करू नये. पाच तोकडे भोंगे ऐकू आले तर त्याचा अर्थ: तुम्ही काय करताय ते मला कळत नाही. तो भोंगा ऐकायची पाळी आली म्हणजे होडीतल्या दोघांनी आधीच उशीर केलेला असतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा नसते. नांगरावर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजाच्या आडोशाला गेलं की वारा एकदम संपतो. शीड लोंबतं, होडी सरळ होते, कललेल्या होडीत बाहेर लटकलेला जोडीदार पाठीवर पडायच्या बेतात येतो. आणि जहाजाच्या टोकापलीकडे गेलं की तोच वारा थापडीसारखा परत येतो. पण हीच नांगरलेली जहाजं पाण्याची दिशाही सांगतात. नांगरलेलं जहाज प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं. सकाळी सगळ्या जहाजांची तोंडं समुद्राकडे असतील तर भरती चालू आहे. दुपारी ती एकेक करून वळू लागली की ओहोटी लागली, परतायची वेळ झाली. घारापुरीच्या धक्क्याजवळ ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रेंगाळलं तर होडी तिथेच बसते. असं वाचायला जमतं ते गर्दीच्या बंदरातच. मोकळ्या समुद्रात वाचायला वारा आणि लाट असते. बंदरात दुसऱ्यांचे हेतू वाचावे लागतात. लाँच कुठल्या धक्क्याला निघाली, ट्रॉलरने जाळं टाकलंय की नाही, टगबोट निघाली म्हणजे मागून कुठलं जहाज सुटणार. गर्दी हेच इथलं शिक्षण आहे.

हे पाणी लहान होड्यांचं नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी १६७९ आठवावं. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर खांदेरी बेटावर तटबंदी घालायला घेतली. मायनाक भंडारी बेटावर होते, आरमाराची सूत्रं दौलतखानाकडे. मुंबईच्या इंग्रजांनी मोठी जहाजं आणि होड्या घेऊन बेटाला वेढा घातला, पुढे सिद्दीही येऊन मिळाला. ऑक्टोबरमधल्या चकमकीत ‘डव्ह’ हे इंग्रजी गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. पण लढाईपेक्षा मोलाचं होतं ते रोजचं काम. नागाव आणि थळकडून रात्रीअपरात्री उथळ पाण्यातून लहान होड्या निघत, इंग्रजांच्या जड जहाजांना ज्या पाण्यात शिरता येत नसे तिथून वल्ह्यांवर आणि शिडावर जात, आणि बेटावर धान्य, दारूगोळा, माणसं पोचवून परत येत. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे. त्या बातमीने मराठी माणसाची छाती फुगली हे योग्यच. मात्र ज्या कौशल्यावर तो किल्ला तगला, म्हणजे ओहोटी, वारा आणि उथळ पाणी यांचा हिशेब करून लहान होडी नेमकी नेण्याचं कौशल्य, ते आज किल्ला बघायला जाणाऱ्या किती जणांना येतं? किल्ल्यावर भगवा लावायला पुष्कळ हात येतात, सुकाणूला फार थोडे.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो हलका नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्याआधी ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन मालवाहू जहाजं बंदराच्या तोंडाशी धडकली. कंटेनर पाण्यात पडून वाहत गेले, तेल सांडलं, जहाजांची ये-जा काही दिवस थांबली. पुढच्याच वर्षी ३० जानेवारीला नौदलाची विंध्यगिरी एका मालवाहू जहाजाला धडकली आणि नंतर गोदीत बुडाली. एवढ्या धोक्याच्या पाण्यात हौशी माणसांना सोडायचं का? या तिन्ही घटनांत शिडाची होडी कुठेच नव्हती, असं उत्तर देता येईल, पण ते अर्धं उत्तर आहे. शिडाच्या होड्या मुळातच इतक्या थोड्या आहेत की त्यांच्या नावावर अपघात नसणं याने फारसं काही सिद्ध होत नाही. खरं उत्तर दुसरं. तिन्ही ठिकाणी वाहनं तरबेज माणसांच्या हाती होती. कमी पडलं ते परस्परांच्या हालचालींचं भान. हे भान ज्या शाळेत सर्वांत स्वस्तात आणि कमी वेगात शिकता येतं ती शाळा म्हणजे शिडाची होडी. ताशी सात-आठ किलोमीटरने जाणाऱ्या होडीत चूक सुधारायला मिनिटं मिळतात, वेगवान बोटीत सेकंद. नीलकमलच्या अपघातानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. शिडाच्या होडीत पहिल्या दिवसाचा पहिला धडाच तो असतो. जॅकेट घातल्याशिवाय होडीला हात लावू देत नाहीत. अर्थात कुणालाही केव्हाही सोडा असं मी म्हणत नाही. शिकवणारा, सोबतीला इंजिनाची बोट, मोसम, आणि मुख्य मार्ग ओलांडायला ठरलेल्या जागा, हे सगळं हवंच.

दुसरा आक्षेप २६ नोव्हेंबर २००८ चा. हल्लेखोर समुद्रातूनच आले, पळवलेल्या ‘कुबेर’ ट्रॉलरमधून आणि शेवटी रबरी होडीतून. तेव्हापासून किनाऱ्यावरची प्रत्येक लहान होडी संशयाची झाली, आणि ते समजण्यासारखं आहे. पण त्या संध्याकाळी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरलेल्या अनोळखी तरुणांना पाहिलं कुणी, हटकलं कुणी? तिथल्या कोळ्यांनी. ज्यांचा रोज पाण्याशी संबंध, त्यांच्याच नजरेला वेगळेपण खटकलं. त्यांची दखल पुढे घेतली गेली नाही ही निराळी गोष्ट. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रं आली, नौकांची नोंदणी कडक झाली, किनाऱ्यावर सागर सुरक्षा दलं उभी राहिली, ती याच विचाराने की पाण्यावरचे ओळखीचे डोळे वाढले पाहिजेत. नोंदलेली, क्रमांक असलेली, ठरलेल्या वेळी निघून ठरलेल्या वेळी परतणारी शिडाची होडी त्या डोळ्यांत भर घालते. रिकामं पाणी राखायला सोपं असतं हा समज १९९३ मध्येही होता. तेव्हा रायगडच्या निर्जन शेखाडीला स्फोटकं उतरली.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: हे श्रीमंतांचे चोचले. मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे आणि अशा क्लबांची दारं सगळ्यांसाठी उघडी नसतात, यात खोटं काही नाही. पण देशभरातलं चित्र पाहिलं तर हा आक्षेप टिकत नाही. २०२३ च्या हांगझौ एशियाडमध्ये मुलींच्या होडी शर्यतीत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर, नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. त्याच शाळेच्या हर्षिता तोमरने २०१८ च्या एशियाडमध्ये कांस्यपदक आणलं होतं. मध्य प्रदेशाला समुद्रच नाही. हैदराबादच्या हुसेनसागरात यॉट क्लब गरीब वस्तीतल्या, सरकारी शाळांतल्या मुलांना होड्या चालवायला शिकवतो आणि ती मुलं राष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. आपल्याकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र खडकवासल्याच्या पाण्यावर, पिकॉक बे इथे शिडं उभारतात. त्यांतल्या कित्येकांनी आधी समुद्र पाहिलेलाही नसतो. शिडाच्या होडीला इंधन लागत नाही. महाग आहे ती होडीची पहिली किंमत आणि त्याहून महाग आहे क्लबाचं सभासदत्व. शाळेने किंवा जिल्ह्याने घेतलेली होडी वीस पोरं पाळीपाळीने वापरू शकतात.

आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्याने समुद्राचं स्वप्न पाहू नये, असा नियम महाराष्ट्रात तरी चाललेला नाही. शिडाच्या होडीतून एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास ज्यांचा, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीला. तिथूनच त्यांनी हा प्रकल्प रेटला. त्यांच्या प्रयत्नांतून ‘म्हादेई’ ही होडी गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबत मे २०१० मध्ये मुंबईला परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून कुठेही न थांबता ती पूर्ण केली, तीही मुंबईहूनच. त्या साऱ्या प्रवासाची सुरुवात आणि शेवट याच गजबजलेल्या पाण्यात झाला. दक्षिणेच्या महासागरातल्या लाटांचं कौतुक होतं ते रास्तच, पण ज्याला मुंबईच्या बाहेर पडता येत नाही तो तिथपर्यंत पोचणार कसा?

शेवटचा आक्षेप चौसाळ्यासारख्या गावातलाच: इथे प्यायला पाणी टँकरने येतं आणि तुम्ही होड्यांचं काय सांगता? हा टोमणा बोचरा आहे, पण त्यात एक चूक आहे. दुष्काळी मुलखात पाणी नसतं असं नाही. ते मोठ्या धरणांत एकवटलेलं असतं. सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे, गोदावरीवर जायकवाडी आहे, सोलापूरच्या बाजूला उजनी. आणि या पाण्यात माणसं बुडतात. २१ मे २०२४ च्या वादळी संध्याकाळी उजनीत कुगाव-कळाशीदरम्यान प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. वाऱ्याचा अंदाज, लाइफ जॅकेट, उलटलेली होडी सरळ करणं, उलटली तर होडीला धरून राहणं, हे ज्ञान तिथे जीव वाचवणारं आहे. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची होडी असते, सव्वादोन मीटरांच्या आसपास, ३५ किलोची. पहिल्याच दिवशी मुद्दाम तिला उलटी करून परत सरळ करायला शिकवतात. हे माजलगावला शिकता येतं. तिथून मुंबईच्या बंदराला जायचं ते दुसऱ्या टप्प्याला, दोघांच्या होडीत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली. समुद्री व्यवसायाकडे जायचा रस्ताही तिथून निघतो. डफरिन, राजेंद्र आणि नंतर नेरूळची चाणक्य, या प्रशिक्षण नौका-संस्थांनी हजारो व्यापारी नौदल अधिकारी घडवले. त्यांत बीडचे किती, हा प्रश्न कुणी विचारलेला ऐकिवात नाही.

यात एक गाठ मात्र कागदावरच्या योजनेला दिसणार नाही अशी आहे. बंदरात शिडाच्या होडीचा मोसम ऑक्टोबरपासून मेपर्यंत. बीडमधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यांच्या थळांवर असतात. पुष्कळदा पोरंही सोबत. म्हणजे बंदरात वारा सर्वांत सरळ असतो नेमके तेच महिने या मुलांचे हातातून गेलेले. उरतो तो मे. त्या महिन्यात दुपारचा खारा वारा जोराचा असतो, पाणी तापलेलं असतं, आणि महिनाअखेरीस पावसाळी वाऱ्याची चाहूल लागते. १ जूनपासून मच्छीमारीही बंद होते. तेव्हा एप्रिलच्या अखेरीस माजलगावला आठ-दहा दिवस आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईला चार दिवस, एवढीच फट आहे. ती साधायची तर धरणाच्या पाण्यासाठी जलसंपदा विभाग, किनाऱ्यासाठी मेरीटाइम बोर्ड आणि बंदरासाठी पोर्ट प्राधिकरण, अशा तीन दारांवर परवानगीची कागदपत्रं दिवाळीच्या आसपासच ठेवावी लागतील. पहिली दोन कार्यालयं राज्य सरकारचीच आहेत.